दिसत नाही त्याचे छायाचित्र



इ. स. २०२४ च्या दिवाळीनंतर आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने एक लहानशी पेटी शाळेस भेट म्हणून दिली. पेटीत दुर्बीण होती. परंतु दुर्बिणीची जी आकृती आपल्या मनात असते, तिच्याशी या वस्तूचे काडीचेही साम्य नव्हते. लांब नळी नाही, डोळा लावावयाचे भिंग नाही, फिरवावयाचे चक्र नाही. जाडजूड कोशाच्या ग्रंथाएवढा एक ठोकळा, त्याखाली तीन पायांची तिपाई, आणि सर्व कारभार मोबाइल फोनावरून! अशा यंत्रास हल्ली स्मार्ट टेलिस्कोप म्हणतात. आम्हीही या लेखात त्यास स्मार्ट दुर्बीणच म्हणू. उगाच नवा संस्कृत शब्द घडवून मुलांच्या डोक्यावर भार घालण्याचे कारण दिसत नाही.

नाताळच्या सुटीत, २८ डिसेंबरच्या सायंकाळी, वीस-पंचवीस मुले व त्यांचे काही पालक यांस बरोबर घेऊन आम्ही अलिबागच्या दक्षिणेस नागावच्या वाळूवर गेलो. अमावास्या दोन दिवसांवर होती. पश्चिमेस शुक्र समुद्राकडे उतरत होता आणि पूर्वेस सुरूच्या झाडांवर मृगनक्षत्र चढले होते. दुर्बीण वाळूत नीट बसविली, फोनावर मृगातील तेजोमेघाचे नाव दाबले. यंत्र गुरगुरत फिरले, थांबले, आणि थोड्याच वेळात फोनाच्या काचेवर गुलाबी पंख पसरलेल्या पाखरासारखी एक आकृती हळूहळू उमटू लागली. मुलांनी एकच गलका केला. परंतु एका विद्यार्थ्याचे वडील, जे स्वतः मच्छीमार होडीवर तांडेल आहेत व ज्यांनी आमच्याहून कितीतरी अधिक रात्री उघड्या आकाशाखाली काढल्या आहेत, ते काही बोलेनात. त्यांनी मान वर करून मृगाकडे पाहिले, मग फोनाकडे पाहिले, पुन्हा मृगाकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, वर तर यातले काहीच नाही. हे चित्र फोनात आधीच भरून ठेवलेले नसेल कशावरून?"

प्रश्न अगदी रास्त होता. फोनात भरून ठेवलेल्या खोट्या चित्रांचा सध्या सुकाळ आहे हे पालकांस आम्ही सांगावयास नको. आम्ही तेथल्या तेथे एक गोष्ट केली. दुर्बीण बंद करून पुन्हा चालू केली, पण या वेळी तिच्या तोंडावर मुलाची लोकरी टोपी घातली. यंत्र फिरले, धडपडले, आणि आकाश सापडत नाही असे सांगून मुकाट्याने थांबले. तांडेल हसले. "म्हणजे डोळे मिटले की त्यालाही दिसत नाही," ते म्हणाले. परंतु त्यांची शंका अर्धीच फिटली होती, आणि खरे सांगावयाचे तर उरलेल्या अर्ध्या शंकेने पुढे आमचीच परीक्षा पाहिली. ती हकीकत ओघाने येईलच.

प्रथम यंत्राची माहिती थोडक्यात देतो. आमच्या दुर्बिणीचे नाव सीस्टार एस-५०. चीनमधील एका कंपनीने ती इ. स. २०२३ मध्ये बाजारात आणली. त्या वेळी अमेरिकेत तिची किंमत सुमारे ५०० डॉलर होती. वजन अडीच किलो. पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढा, आणि नाभीय अंतर २५० मिलिमीटर. जेथे पूर्वी आपण डोळा लावीत असू, तेथे प्रकाश टिपणारा एक इवलासा पडदा आहे व त्यावर वीस लाखांहून अधिक सूक्ष्म घरे आहेत. एकेका चित्रात पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून थोडे अधिक रुंद असे आकाश मावते. फ्रान्समधील कंपन्यांनी या जातीच्या दुर्बिणी काही वर्षे आधीच केल्या होत्या, परंतु त्यांची किंमत सामान्य शाळेस झेपणारी नव्हती.

आता तिला आकाशातील ठिकाण कसे सापडते? फोनाकडून ती स्थळ व वेळ घेते आणि अंदाजाने एका दिशेस तोंड करून एक चित्र काढते. त्या चित्रातील ताऱ्यांचे त्रिकोण, चौकोन, अंतरे ती आपल्या पोटातील तारकांच्या यादीशी पडताळून पाहते व आपले तोंड नेमके कोठे आहे ते ठरविते. चूक असेल तितकी वळते आणि पुन्हा पडताळते. समुद्रावरून परतताना खांदेरीचा दिवा, थळचा किनारा, कुलाबा किल्ल्याचे बुरूज ही ओळखीची चिन्हे एकमेकांशी जुळवून तांडेल आपली होडी कोठे आहे ते जाणतो. यंत्र हेच ताऱ्यांच्या बाबतीत करते. टोपी घातल्यावर ते का अडले हे आता ध्यानात येईल.

परंतु मुख्य प्रश्न हा की, डोळ्यास जे दिसत नाही ते भिंगास कसे दिसते? याचे एक उत्तर भिंगाच्या आकारात आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरांचे भिंग तिच्या सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करते. परंतु हे उत्तर अपुरे आहे, कारण तेवढ्याच भिंगाच्या साध्या दुर्बिणीतून डोळ्याने पाहिले तर मृगातील तेजोमेघ धुरकट पांढऱ्या डागासारखाच दिसतो. खरे रहस्य काळात आहे. आपला डोळा सेकंदाच्या एका लहानशा अंशापुरताच प्रकाश साठवितो आणि लगेच पाटी पुसून नवा प्रकाश घेतो. चालत्या बैलगाडीपुढे किंवा धावत्या एस. टी. पुढे जीव वाचवावयास असाच डोळा हवा. मंद तेज पाहावयास मात्र तो निरुपयोगी ठरतो. छायाचित्राचा पडदा पाटी पुसत नाही. प्रकाशाचा थेंब न् थेंब तो साठवीत राहतो.

हे ज्ञान नवे नव्हे. इ. स. १८८० च्या ३० सप्टेंबर रोजी न्यूयॉर्क प्रांतातील हेन्री ड्रेपर या गृहस्थाने ११ इंची दुर्बिणीस रासायनिक काच लावून याच मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. तेजोमेघाचे ते जगातील पहिले छायाचित्र होय. काच उघडी ठेवावी लागली ५१ मिनिटे. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल. तीन वर्षांनी इंग्लंडात अँड्र्यू कॉमन याने छत्तीस इंची आरशाने घेतलेल्या चित्रात असे तारे उमटले की जे त्या दुर्बिणीतून डोळ्याने कोणास दिसलेच नव्हते. त्या दिवसापासून ज्योतिःशास्त्रात डोळ्याचे अग्रस्थान गेले.

आपल्या महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो म्हणून येथे जरा विस्ताराने सांगतो. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी दिलेल्या देणगीत सरकारने भर घातली आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज जेथे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ आहे तेथे, इ. स. १८८८ च्या सुमारास एक वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण कित्येक वर्षे हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. इ. स. १८९८ च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहण झाले तेव्हा हेच नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले होते. त्याआधी, १८९१ साली, त्यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात तेजोमेघांच्या वर्णपटातील 'मुख्य रेषे'विषयी एक टिपण प्रसिद्ध केले.

ही मुख्य रेषा म्हणजे काय? लोलकातून सूर्यप्रकाश नेला तर सात रंगांचा अखंड पट्टा मिळतो. परंतु इ. स. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स याने कालिय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा प्रकाश असाच पसरून पाहिला तेव्हा पट्टा न दिसता काळोखात दोन-तीन सुट्या चकचकीत रेषा दिसल्या. त्यांतील सर्वांत ठळक रेषा हिरवी होती. यावरून तेजोमेघ हा ताऱ्यांचा थवा नसून तापलेला विरळ वायू आहे हे सिद्ध झाले. पण वायू कोणता? पृथ्वीवरील कोणत्याही पदार्थाची रेषा त्या जागी पडेना. कोणी मॅग्नेशियम म्हणाले, कोणी 'नेब्युलियम' नावाचे नवेच मूलद्रव्य कल्पिले. पुण्याच्या वेधशाळेत नायगमवाला ज्या रेषेकडे पाहत होते ती हीच. तिचा उलगडा व्हावयास इ. स. १९२७ उजाडावे लागले. त्या साली आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, हे नवे द्रव्य वगैरे काही नसून आपला नेहमीचा ऑक्सिजनच होय. फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि इतका विरळ की तितकी विरळ हवा पृथ्वीवर सहसा होऊ शकत नाही. त्या रेषेची तरंगलांबी सुमारे ५००.७ नॅनोमीटर.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे. आमच्या अडीच किलोच्या ठोकळ्यात प्रकाशाची एक गाळणी, म्हणजे फिल्टर, बसविलेला आहे. तो दोनच अरुंद पट्ट्यांतील प्रकाश आत सोडतो. एक पट्टा हायड्रोजनच्या तांबड्या रेषेभोवतीचा, ६५६.३ नॅनोमीटरचा, आणि दुसरा ऑक्सिजनच्या या हिरव्या मुख्य रेषेभोवतीचा. रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर अडतो, तेजोमेघाचा तेवढा आत येतो. ज्या रेषेपायी पुण्यात एका प्राध्यापकाने रात्री जागविल्या, ती आज शाळकरी मुलाच्या बोटाखाली आहे, आणि त्या मुलास नायगमवालांचे नावही ठाऊक नसते. इ. स. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले. वेधशाळा बंद झाली व उपकरणे कोडाईकॅनालला गेली. पुण्यात पुढे १९४४ साली हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली. ती आजही चालू आहे आणि ज्यांस या विषयाची गोडी लागेल त्यांनी तिच्याशी अवश्य ओळख करून घ्यावी.

असो. आता यंत्र ५१ मिनिटे एकदम उघडे का राहत नाही, हे पाहू. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकते. आमच्या दुर्बिणीच्या पडद्यावर हे सरकणे दहा सेकंदांत साठाहून अधिक घरे इतके होते. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर तारा ठिपका न राहता रेघ होईल. म्हणून ती ताऱ्यामागोमाग हळूहळू वळत राहते. परंतु तिची तिपाई साधी असल्यामुळे ती डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली एवढेच वळू शकते. तारे मावळतीकडे जाता जाता ध्रुवाभोवती कलतातही. तो कल तिला साधत नाही. परिणामी चित्राचा मध्य जागेवर राहतो व कडा त्याच्याभोवती जात्याच्या पाळीप्रमाणे फिरतात. हे फिरणे वस्तू पूर्वेस किंवा पश्चिमेस असता कमी आणि डोक्यावर असता फार असते. आमच्या किनाऱ्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा. येथून मृगातील तेजोमेघ डिसेंबरच्या अखेरीस रात्री नऊ वाजता तासाला सुमारे ९ अंश फिरतो, तर मध्यरात्री तो दक्षिणोत्तर रेषेवर आला म्हणजे सुमारे ३५ अंश! यास्तव वस्तू माथ्यावर आली म्हणजे चित्र उत्तम येईल, हा मुलांचा समज या यंत्रापुरता चुकीचा आहे. ती अर्ध्या वाटेवर असतानाच धरावी.

तर मग उपाय असा की, दहा-दहा सेकंदांची शेकडो चित्रे घ्यावयाची, ताऱ्यांवर तारे जुळवून एकावर एक ठेवावयाची व बेरीज करावयाची. हे काम यंत्र आपण होऊन करते. ज्या चित्रात वाऱ्याने तिपाई हलली किंवा ढग आला ते चित्र टाकून देते. बेरजेने काय साधते ते समजण्यासाठी एक कल्पना करा. तुम्ही किनाऱ्यावर उभे आहात, लाटांचा गोंगाट चालू आहे, आणि दूरच्या होडीतून कोणी एकच शब्द ओरडत आहे. एकदा ओरडला तर काही कळणार नाही. पण तोच शब्द तो शंभर वेळा ओरडला आणि तुम्ही ते सारे आवाज एकमेकांवर रचू शकलात तर शब्द शंभरपट होईल. लाटांचा गोंगाट मात्र कधी असा, कधी तसा असल्यामुळे अंशतः आपला आपणच खोडला जाऊन फक्त दहापट वाढेल. शंभराचे वर्गमूळ दहा. चारशे चित्रे घेतली तर शब्द चारशेपट, गोंगाट वीसपट. म्हणजे चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल तर चौपट वेळ बसले पाहिजे. येथे वशिला चालत नाही. वाळूवरच्या त्या पहिल्या रात्री चित्र हळूहळू का उमटत गेले, याचे कारण हेच. फोनावर चित्र भरलेले नव्हते, ते भरत होते.

आमच्या किनाऱ्यावर या कामास काही अडचणी आहेत व काही सोयीही आहेत. जून ते सप्टेंबर यंत्र पेटीतच राहते, हे सांगावयास नको. हिवाळ्यातही समुद्राची दमट हवा भिंगावर दव धरते. त्यासाठी भिंगाजवळ एक लहान तापक दिलेला आहे, तो विसरू नये. खारा वारा सुटला असेल तर दुर्बीण बाहेर काढूच नये, आणि घरी आणल्यावर भिंग रुमालाने खसाखसा पुसू नये. (हा धडा आम्ही कसा शिकलो ते विचारू नका.) सोय अशी की, आपण बरेच दक्षिणेस असल्यामुळे लंडनच्या ज्योतिषास जन्मात घरून न दिसणाऱ्या वस्तू आपल्यास दिसतात. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गुच्छ मे महिन्याच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे २४ अंश उंच येतो. त्याचा प्रकाश सुमारे १७ हजार वर्षे वाटेवर होता. दक्षिणेकडे मोकळा समुद्र दिसेल अशी जागा धरली तर तो उत्तम टिपता येतो. नोव्हेंबरात देवयानी दीर्घिका, जिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला. ती आमच्या चित्रात पुरी मावत नाही, मधला गाभाच येतो. मुलांस हे प्रथम खरे वाटत नाही की, इतक्या दूरची वस्तू आकाशात चंद्राच्या कित्येक पट लांब पसरलेली आहे. फक्त इतकी मंद की आपण तिच्या खालून रोज जातो व पाहत नाही.

आता ती हकीकत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. नागावच्या वाळूवर घेतलेले मृगाचे चित्र आम्हांस मोठ्या आकारात लावावयाचे होते, परंतु मोठे करताच ते दाणेदार दिसू लागले. तेव्हा आम्ही फोनावरील एका प्रोग्रॅमला ते दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने चित्र स्वच्छ करून देतो असे तो म्हणत होता, आणि त्याने दिलेही. काय ते चित्र! तलम रेशमासारख्या वळ्या, सुईच्या टोकासारखे तारे. आम्ही ते चौकटीत बसवून, खाली 'शाळेच्या दुर्बिणीने घेतलेले' असे ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावले. पालक येत, थांबत, वाहवा करीत. आम्हांस मनातून फार बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आठवीतील एक विद्यार्थिनी पारदर्शक कागद घेऊन आमच्याकडे आली. तिने वर्गाच्या संगणकावरील मूळ चित्रातील तारे त्या कागदावर टिंबे देऊन उतरविले होते व तो कागद भिंतीवरच्या चित्राच्या लहान प्रतीवर ठेवून पाहिला होता. "सर, यातले सात तारे मूळ चित्रात नाहीत," ती म्हणाली, "ते कोठून आले?" आम्ही पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. मुलगी बरोबर होती. दाण्यांचे पुंजके प्रोग्रॅमला ताऱ्यांसारखे वाटले आणि त्याने त्यांचे तारे केले. वळ्यांपैकी काही त्याने पूर्वी पाहिलेल्या हजारो सुंदर चित्रांच्या आठवणीने रंगविल्या. तांडेलांनी नागावला विचारलेला प्रश्न आता भिंतीवर टांगलेला होता: चित्र आधीच भरून ठेवलेले नसेल कशावरून? आणि या वेळी उत्तर असे होते की, काही अंशी ते खरोखरच आधी भरून ठेवलेले होते.

त्याच दिवशी दुपारी आम्ही चित्र उतरविले व त्या जागी एक कागद लावून झाली गोष्ट लिहिली. एका सहकाऱ्यांचे म्हणणे पडले की, सात ठिपक्यांसाठी एवढे कशास करावे, पाहणाऱ्यांस काय कळते! परंतु पाहणाऱ्यांस कळत नाही म्हणूनच तर करावयाचे. जो आकाशात नवा तारा शोधू पाहतो, त्याच्यापुढे नसलेला तारा ठेवणे म्हणजे बुडत्यास खोटा किनारा दाखविणे होय. इ. स. २०२३ च्या मे महिन्यात जपानच्या कोइची इतागाकी या हौशी ज्योतिषाने सप्तर्षींजवळच्या एका दीर्घिकेत स्फोट पावलेला तारा शोधून काढला. त्याच्या पूर्वीच्या चित्रांत तेथे तो ठिपका नव्हता, एवढ्यावरच तर तो शोध उभा आहे.

येथे कोणी विचारील की, मग बेरीज करणे, उजेड वाढविणे, रंग देणे हीही लबाडीच नव्हे काय? प्रदर्शनात एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींनी हेच विचारले: "आकाशात जाऊन पाहिले तर हा मेघ असा गुलाबी दिसेल का हो?" दिसणार नाही. जवळ जाऊनही मंद प्रकाशात आपल्या डोळ्यास रंग नीट कळत नाहीत. रंग ओळखणाऱ्या पेशींस उजेड बराच लागतो. परंतु तांबडा प्रकाश तेथून खरोखर निघतो, हायड्रोजन तो देतो, आणि पडद्यावर तो खरोखर पडला. बेरजेत जे पडले तेच वाढते. न पडलेले येत नाही. आम्हांस भेद येथे दिसतो. वजनाच्या काट्यावर पारडे भरण्यास वेळ लागला तर ती लबाडी नव्हे. पारड्याखाली बोट लावणे ही लबाडी होय.

एक गोष्ट राहिली, ती उजेडाची. अलिबागेस चुंबकीय वेधशाळा आहे हे येथील प्रत्येक मुलास माहीत असते. ती येथे का आली हे मात्र थोड्यांस माहीत असते. पूर्वी ही मोजमापे मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत होत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच त्या विजेने नाजूक चुंबकसूच्या बिघडतील हे ओळखून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली इ. स. १९०४ मध्ये अलिबागेस नवी वेधशाळा चालू झाली. तिच्या इमारतीत लोखंड वापरले नाही, आणि सूचीचे हेलकावे तेथे छायाचित्राच्या कागदावर प्रकाशाच्या ठिपक्याने उमटत. शहराच्या विजेपासून दूर म्हणून ती खाडीपलीकडे आली व तेवढ्याने काम भागले. उजेडास मात्र खाडी अडवीत नाही. नागावच्या वाळूवरून उत्तरेस पाहिले तर मुंबईचा पिवळट पांढरा घुमट क्षितिजावर उभा दिसतो; ध्रुवतारा येथे केवळ साडेअठरा अंश उंच असल्यामुळे नेमका त्या उजेडात सापडतो. आता आपल्याही किनाऱ्यावर बंगले, खानावळी व वाळूकडे तोंड केलेले प्रखर पांढरे दिवे वाढत आहेत. पांढऱ्या एल. ई. डी. च्या प्रकाशात निळा भाग बराच असतो व तो हवेत अधिक विखुरतो. गाळणीने तेजोमेघ वाचतो. परंतु देवयानीसारख्या दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असल्यामुळे तिला गाळणी वाचवू शकत नाही. दिवेआगर व हरिहरेश्वर येथे समुद्रकासवे अंडी घालतात. त्यांची पिले अंड्यांतून निघताच उजळ क्षितिजाकडे धावतात आणि किनाऱ्यावर दिवे असले तर समुद्र सोडून रस्त्याकडे जातात. दिव्यास वरून झाकण घालणे, तोंड जमिनीकडे करणे, रात्री उशिरा विझविणे, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो व विजेचे पैसेही वाचतात. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास इ. स. २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जंगलात जे झाले ते वस्तीच्या किनाऱ्यावर तसेच्या तसे होणार नाही. पण नागावला आमच्या विनंतीवरून शेजारच्या एका घरमालकाने आपला अंगणातील दिवा दोन तास मालविला, आणि मुलांनी पहिल्यांदाच कृत्तिकांत सहांऐवजी सात तारे मोजले.

२६ जानेवारीस, ध्वजवंदनाच्या सायंकाळी, आम्ही पुन्हा त्याच वाळूवर गेलो. या वेळी मुलांनी स्वतःच ठरविले होते की, ड्रेपरने जितका वेळ काच उघडी ठेविली तितकाच वेळ आपणही प्रकाश साठवावयाचा, न कमी न अधिक. पारदर्शक कागदवाली मुलगी वही घेऊन टाकलेल्या चित्रांची नोंद करीत होती. तांडेल आले होते. साडेआठच्या सुमारास चित्रात एकाएकी एक तिरपी रेघ उमटली. ती दुसऱ्या चित्रात नव्हती. मुले घाबरली. तांडेलांनी बोट दाखविले: वर एक उपग्रह मृगाच्या पट्ट्याजवळून शांतपणे चालला होता. "हे काही आधी भरलेले नव्हे," ते म्हणाले, आणि आपल्या मुलास ती रेघ नीट पाहावयास लावली.

ते चित्र आता विज्ञानगृहाच्या दाराशी लावले आहे. ते पहिल्यासारखे रेशमी नाही. कडा किंचित दाणेदार आहेत. त्याशेजारी दहा सेकंदांचे एकटे चित्रही लावले आहे, ज्यात जवळजवळ काहीच दिसत नाही. खाली मुलांच्या अक्षरातील चिठ्ठी आहे:

"मृगातील तेजोमेघ. नागाव, ता. २६ जानेवारी २०२५, रात्री ८ पासून. भिंग ५० मिलिमीटर. दहा सेकंदांची ३५१ चित्रे घेतली. टाकलेली ४५: वारा ३१, ढग ९, उपग्रह ४, कोणाचा तरी पाय तिपाईस लागला १. बेरजेत घेतलेली ३०६, म्हणजे ५१ मिनिटे. बेरजेनंतर उजेड वाढविला. दुसरे काही केले नाही."